आनीबालचा ताबा, नोव्हेंबर ते मार्च

लेआंद्रोसरांना आपल्या घटस्फोटाचा फार अभिमान होता. सारागोसातल्या एका सरकारी शाळेत ते इतिहास शिकवत, आणि इतिहासाच्या शिक्षकाला शोभेल असाच हा घटस्फोट होता: युद्ध न करता थेट तह. फ्लॅट एर्मिनियाला, गाडी सरांना, पुस्तकं ज्याची त्याला. एक कप कॉफी गार व्हायच्या आत पंचवीस वर्षांच्या संसाराची वाटणी झाली. शिक्षकांच्या खोलीत सर म्हणायचे, "भांडायला अक्कल लागत नाही. वेगळं व्हायला लागते." यावर बाकीचे शिक्षक मान डोलवायचे, कारण मधली सुट्टी फार छोटी असते.

सही करायला म्हणून दोघं पालोमारबाईंच्या ऑफिसात गेली. दोघांनी मिळून एकच वकील केला होता. सभ्यतेची परमावधीच ती.

"बाकी सगळं ठीक आहे," पालोमारबाई चष्मा वर सरकवत म्हणाल्या. "घरात एखादा प्राणी?"

"प्राणी?" सर हसले. "त्याचा काय संबंध?"

"नवा कायदा आहे, सर. प्राणी म्हणजे आता टेबल-खुर्ची नव्हे. भावना असलेला जीव आहे तो. कुणाकडे राहणार, दुसऱ्यानं भेटायचं कधी, खाण्यापिण्याचं कोण बघणार, सगळं करारात लिहावं लागतं."

"एक कासव आहे," सर म्हणाले. "पण कासवाचं काय हो, ते कुठंही..."

"ते माझ्याकडे राहणार!" एर्मिनिया म्हणाली.

म्हणाली म्हणजे काय, तिनं चक्क आवाज चढवला. सर चमकले. गाडी देताना बाई, छत्री पुढे करावी इतक्या सहज, किल्ल्या पुढे करून मोकळी झाली होती. गावाकडची द्राक्षांची जमीन तिनं "घे तू, मला नको" म्हणून सोडली होती. खुद्द सरांना सोडतानासुद्धा तिचा स्वर जुनी मासिकं रद्दीत द्यायला काढल्यासारखा होता. आणि कासवासाठी मात्र आवाज! त्या टणक, थंड, टकलू प्राण्यात असं काय होतं, जे लेआंद्रो आस्नार यांच्यात नव्हतं?

"मलाही ते हवंय," सर म्हणाले. वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांना स्वतःलाच वाटलं.

"तुला?" एर्मिनियानं वळून पाहिलं. "लेआंद्रो, तू त्याला दोनदा फुलांची कुंडी समजून पाणी घातलंयस."

"त्याचं नाव मी ठेवलंय. आनीबाल! हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा सेनापती!"

"हो, आणि आपला सेनापती गच्चीतली मोरी ओलांडायला दुपार लावतो. पण नाव छान आहे, त्याबद्दल आभार."

पालोमारबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

सर एव्हाना दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. समोरच्या दारात राहत होते बँकेतून निवृत्त झालेले सेफेरिनो. त्यांचे दोन घटस्फोट झाले होते, म्हणजे या विषयातले ते डबल पदवीधर. सरांची हकीकत त्यांनी जिन्यातच ऐकून घेतली.

"प्रोफेसर, एक चूक करू नका," ते म्हणाले. "सगळं मागू नका. सगळं मागणारा माणूस दुष्ट दिसतो. तुम्ही हिवाळा मागा."

"हिवाळा?"

"अहो, नाताळ कधी येतो? नवं वर्ष कधी? तीन राजांचा सण कधी? माझ्या दुसऱ्या बायकोनं माझ्याकडून सगळे हिवाळे काढून घेतले आणि उन्हाळे माझ्या गळ्यात मारले. उन्हाळ्यात काय असतं? घाम! माया सगळी हिवाळ्यात असते."

सेफेरिनोंना मुलं होती आणि सरांकडे कासव होतं, हा फरक दोघांच्याही लक्षात आला नाही.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या क्रेसेन्सियाबाई पाव घेऊन वर आल्या. वर त्यांचं काहीच काम नव्हतं. "कासव शंभर वर्षं जगतं म्हणे," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर ते कुणाला, हे लिहा आधी. आणि बाईंनी दुसरं लग्न केलं तर तो नवा मनुष्य त्याला हात लावणार नाही, हेही लिहा. माझ्या बहिणीच्या बाबतीत लिहायचं राहून गेलं."

"त्यांच्याकडेही कासव होतं?"

"छे! शिवणयंत्र होतं."

सरांनी त्या रविवारी बसून मसुदा तयार केला. रोमन तहांची त्यांना लहानपणापासून आवड. आनीबालचा ताबा नोव्हेंबर ते मार्च पित्याकडे. (हा शब्द पालोमारबाईंनी खोडला.) उरलेलं वर्ष एर्मिनियाकडे. ज्याच्याकडे प्राणी नसेल त्याला दर रविवारी दुपारी भेटीचा हक्क. त्यात "भेट निवांत असावी, घाईगर्दी करू नये" असं एक उदार कलम सरांनी स्वतःहून घातलं. पराभूत पक्षाशी विजेत्यानं मोठ्या मनानं वागावं, असं ते दरवर्षी मुलांना शिकवत.

एर्मिनियानं मसुदा वाचला. मग पुन्हा वाचला.

"हिवाळा तुला हवाय?"

"हो."

"नक्की?"

"तडजोड होणार नाही," सर ताठ बसून म्हणाले.

"बरं बाबा," एर्मिनिया म्हणाली आणि सही करून टाकली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. सरांनी ते पराभवाचं दुःख असावं असा अर्थ लावला.

कागद कोर्टात गेले आणि तिथून परत आले. पालोमारबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. या वेळी त्यांनी कॉफी विचारली नाही.

"प्राण्याचा ओळख क्रमांक लिहिलेला नाही म्हणतात. कुत्र्या-मांजरांना चिप असते, तसा. मी चौकशी केली. तुमचं कासव ज्या जातीचं आहे ती जात संरक्षित आहे. घरात ठेवायची तर कागद लागतात. आहेत कागद?"

"माझ्या बिसी मावशीनं लग्नात दिलं होतं," एर्मिनिया म्हणाली. "हॅटच्या खोक्यातून."

"खोक्यावर काही लिहिलं होतं?"

"हॅटची किंमत."

पालोमारबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. "म्हणजे परिस्थिती अशी आहे. तुम्ही दोघांनी स्वखुशीनं, सह्या करून, माझ्यामार्फत न्यायाधीशांना कळवलंय की तुमच्या घरात एक बेकायदा प्राणी आहे. शिवाय कुठल्या महिन्यात तो कुणाच्या पत्त्यावर सापडेल, तेही कळवलंय."

सरांच्या डोळ्यांपुढे शाळेची नोटीस उभी राहिली: इतिहासाचे शिक्षक रजेवर आहेत, कारण ते इतिहासजमा झाले आहेत.

प्राण्यांचं खातं गावाबाहेरच्या एका इमारतीत होतं. तिथं कुत्र्यांची खिडकी होती, पक्ष्यांची होती, गुरांची होती. कासव कुठल्या खिडकीत बसतं यावर बराच खल झाला. शेवटी एका सभ्य बाईंनी सांगितलं, की या जातीच्या संरक्षणाचा कायदा येण्याच्या आधीपासून कासव घराण्यात आहे, असा जुना फोटो किंवा पुरावा आणा, म्हणजे नोंद करून देऊ. नाहीतर प्राणी जमा करा.

"जमा म्हणजे?" एर्मिनियाचा चेहरा उतरला.

"केंद्रात. तिथं त्यांची चांगली काळजी घेतात."

बाहेर सिएर्सो वारा सुटला होता, आणि सारागोसात तो सुटला की माणसाला चालताना पुढे वाकावंच लागतं. दोघं शेजारी शेजारी वाकून गाडीपर्यंत गेली. सर हळूच म्हणाले, "मावशीकडे जावं लागेल."

"मावशीला आपण अजून सांगितलं नाहीये," एर्मिनिया म्हणाली.

"मग नाही सांगायचं. एक दिवस नवरा-बायको म्हणून जाऊ. पंचवीस वर्षं केलंय की."

बिसी मावशी नव्वदीच्या घरात होती आणि दारोकाच्या पुढच्या एका खेड्यात एकटी राहायची. तिनं दोघांना बसवलं, शिळ्या पावाच्या चुऱ्याची गरमागरम मिगास वाढली, वर द्राक्षं ठेवली. सर कधी नव्हे ते एर्मिनियाला "राणी" म्हणाले. एर्मिनियाला ठसका लागला.

"मावशी, ते कासव तू कधी आणलंस गं?" एर्मिनियानं विषय काढला. "जुना फोटो आहे का एखादा?"

"आहे की. गावात कारंजं बांधलं त्या दिवशीचा. मी, आनीबाल आणि महापौर. महापौर कोणता ते सांगावं लागतं." मावशीनं कपाटातून फोटो काढला. कारंज्याच्या दगडावर वर्ष कोरलेलं होतं आणि वर्षाच्या आकड्यावरच कासव ऐटीत बसलेलं होतं. सरांना मावशीच्या पाया पडावंसं वाटलं, पण तशी तिथं पद्धत नव्हती.

"पण कासव मी लग्नाला दिलं होतं," मावशी फोटो हातातच ठेवून म्हणाली. "लग्न मोडलं तर ते माझं मला परत यायला हवं."



"कोण मोडतंय लग्न?" सर म्हणाले.

"लेआंद्रो, सबंध गावाला माहीत आहे. तू जमीन बघायला आलास आणि सोबत मोजणीवाला आणलास, तेव्हाच कळलं. मी वाट बघत होते, कोण आधी सांगतंय. आणि तिला राणी म्हणू नकोस. वाचा बसेल तिची."

एर्मिनिया हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ती पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली.

मावशी सरांकडे वाकली. "मारझोड केलीस?"

"मावशी!"

"दुसरी बाई?"

"नाही हो!"

"मग झालं काय?"

सरांनी उत्तर शोधलं. वर्गात त्यांना साम्राज्यं लयाला जाण्याची पाच-पाच कारणं तोंडपाठ होती. इथं एकही सापडेना. "काहीच झालं नाही," ते शेवटी म्हणाले.

"हां," मावशी म्हणाली. "तेच झालं असणार."

फोटो मिळाला, पण फुकट नाही. ऑगस्टच्या जत्रेचा आठवडा कासव मावशीकडे राहील, अशी अट पडली. अशा रीतीनं दोन पक्षांच्या करारात तिसरा पक्ष घुसला. पालोमारबाईंनी ते कलम लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आणखी कुणी नातेवाईक असतील तर आत्ताच सांगा. मला पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचंय."

चिप बसवायला आनीबालला डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टरबाईंनी त्याला उलटं केलं, शेपटी पाहिली आणि सहज म्हणाल्या, "छान आहे तब्येत हिची."

"हिची?" सर म्हणाले.

"मादी आहे."

"अशक्य आहे. हा आनीबाल आहे."

"असेल. पण मादी आहे."

सरांनी एर्मिनियाकडे पाहिलं. एर्मिनिया भिंतीवरचा मांजरांचा तक्ता वाचण्यात गढून गेली होती. "तुला माहीत होतं?"

"तिनं दोनदा अंडी घातली, लेआंद्रो. जिरेनियमच्या कुंडीत. मी सांगितलं होतं तुला. तू म्हणालास, 'वा, छान', आणि पेपरचं पान उलटलंस."

मग करारातले सगळे "तो" खोडून "ती" झाले आणि सगळ्या सह्या पुन्हा झाल्या. सेनापतीचं नाव तेवढं तसंच राहिलं. आता चिपवरही तेच होतं.

पहिली नोव्हेंबर उजाडली. सगळ्या संतांचा दिवस, शाळेला सुट्टी. सरांनी आठवडाभर तयारी चालवली होती. दिवा आणला होता, छोटा उतार करून घेतला होता. ताटलीत टोमॅटो, एन्दिव्ह आणि बोराखाच्या भाजीची कोवळी पानं मांडली होती. सेफेरिनो आणि क्रेसेन्सियाबाई स्वागताला जिन्यात उभे होते. एर्मिनिया आली ती मातीनं आणि वाळक्या पानांनी भरलेलं एक खोकं घेऊन.

"कुठंय ती?" सरांनी विचारलं.

"आत. झोपलीय."

"बरं. मग उठली की जेवेल. साधारण किती वाजता उठते?"

एर्मिनियानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत चेष्टा होती, पण फक्त चेष्टा नव्हती.

"मार्चच्या शेवटी," ती म्हणाली.

जिन्यातले सेफेरिनो घाईघाईनं आपल्या घरात शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"पाचही महिने झोपते?" सरांचा आवाज खाली आला.

"दरवर्षी झोपते. मी तिला वरच्या थंड अडगळीच्या खोलीत ठेवायची. तुला काय वाटायचं, ती हिवाळ्यात कुठं असते?"

सरांना काहीच वाटत नसे. कासव दिसत नाहीये हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. खरं बोलायचं तर ते दिसत होतं तेव्हाही फारसं लक्षात आलं नव्हतं.  

"पंचवीस हिवाळे, लेआंद्रो," एर्मिनिया हळू आवाजात म्हणाली आणि खोकं त्यांच्या हातात दिलं. "थंडीत ठेव. पण गोठू देऊ नकोस. साधारण पाच अंश."

आता या इमारतीची गंमत अशी होती, की हीटर सगळ्यांचा एकत्र चालायचा आणि तो कमी-जास्त करायची सोय नव्हती. खालच्या मजल्यावर क्रेसेन्सियाबाई जानेवारीत बिनबाह्यांच्या झग्यात फिरायच्या. पाच अंश असलेली सबंध घरात एकच जागा होती. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं: बरेच लोक फ्रिजमध्येच ठेवतात. हवेसाठी दिवसातून एकदा दार उघडायचं, बाकी धक्का लावायचा नाही.

अशा रीतीनं लेआंद्रो आस्नार यांनी कायद्याचा आधार घेऊन जिंकलेली आनीबाल भाजीच्या कप्प्यात विराजमान झाली. तिला त्रास नको म्हणून त्यांनी दूध, अंडी, हॅम सगळं बाहेर काढलं. खिडकीबाहेरच्या पिशवीत जे टिकेल ते खायचं, असा नियम झाला. नाताळच्या रात्री त्यांनी फ्रिजचं दार उघडलं, खोक्यावरची पानं जराशी हलवून पाहिली, "नाताळच्या शुभेच्छा" म्हणाले आणि दार लावून घेतलं. सेफेरिनो म्हणाले होते ती हिवाळ्यातली माया ती हीच.

आणि रविवार! करारातलं ते उदार कलम एर्मिनियानं जसंच्या तसं पाळायचं ठरवलं. दर रविवारी दुपारी ती यायची, फ्रिज उघडायची, थर्मामीटर पाहायची, कासवावर नजर टाकायची, दार लावायची. एवढ्याला एक मिनिट पुरे. पण भेट निवांत असावी, घाईगर्दी करू नये, असं न्यायाधीशांच्या शिक्क्यासह लिहिलेलं होतं. मग ती स्वयंपाकघरात फ्रिजसमोर बसायची. समोर सर बसायचे. मध्ये फ्रिज गुरगुरायचा.

पहिल्या रविवारी कुणी काही बोललं नाही. मग एकदा सरांनी वर्मूथ ओतला. मग एर्मिनियानं येताना पत्ते आणले आणि गिन्योतेचा डाव पडला. ती पक्क्या जुगाऱ्यासारखी खेळायची. सरांना हे नवीनच कळत होतं. इतकी वर्षं ती मैत्रिणींकडे खेळायला जायची आणि सर तेव्हा रोमन लोकांवर काहीतरी लिहीत बसायचे. ते पुस्तक अजून पूर्ण झालेलं नाही. रोमन लोकांची त्याला काही हरकत दिसत नाही.

"तुझी बहीण कशी आहे?" असं सर एकदा म्हणाले आणि उत्तर संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. एर्मिनियानं मध्येच थांबून विचारलं, "तुला बरं नाहीये का?"

मार्च लागला. बाहेर बदामाची झाडं फुलली आणि सर अस्वस्थ झाले. एका रविवारी एर्मिनियानं फ्रिज उघडला आणि ती वाकून बघतच राहिली.

"तीन अंश? लेआंद्रो, बटण कुणी फिरवलं?"

"आपोआप फिरलं असेल."

"आपोआप! हो, आता फ्रिजलाही भावना असतात. आला असेल नवा कायदा." तिनं बटण मागे आणलं. "अरे, गोठली असती ना ती! कशासाठी?"

सर टेबलावरचे पत्ते जुळवत राहिले. पत्ते आधीच जुळलेले होते. "उठली की न्यायची ना तुला," ते म्हणाले. "वाटलं, अजून थोडं झोपू द्यावं."

एर्मिनियानं फ्रिजचं दार लावलं. मग म्हणाली, "असं पुन्हा केलंस तर पालोमारबाईंना फोन करीन." आणि बसली. "वाट पत्ते."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी एर्मिनिया तिला न्यायला आली आणि आनीबालनं डोळे उघडले. दोघांनी तिला कोमट पाण्यात बसवलं, मग जमिनीवर ठेवलं. ती थोडा वेळ मान वर करून पाहत राहिली. मग तिनं दोन्ही पक्षांकडे पाठ केली आणि बाल्कनीतल्या उन्हाच्या पट्ट्याकडे निघाली.

"तिला आत्ता उचलू नकोस," सर म्हणाले. "जरा ऊन खाऊ दे."

"नाही उचलत," एर्मिनिया म्हणाली. ती तिथंच फरशीवर भिंतीला टेकून बसली. सरही बसले. आनीबाल एकेक पाय टाकत होती. दुपार टळायला आली तरी ती उंबऱ्याशीच होती.

"मला भूक लागलीय," एर्मिनिया म्हणाली. "काय आहे घरात?"

"काही नाही. फ्रिज तिचा होता."

मग दोघं कोपऱ्यावरच्या बारमध्ये गेली. रविवार नव्हता, भेटीचं कलम लागू नव्हतं. हे दोघांच्याही लक्षात होतं. सरांनी हॅमचे क्रोकेट मागवले, एर्मिनियानं टॉर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट. खाणं संपत आलं तेव्हा वेटर आला.

"बिल एकत्र देऊ?"

"वेगळं," सर म्हणाले.

"हो, वेगळं," एर्मिनिया म्हणाली, आणि हात लांबवून तिनं सरांच्या ताटलीत उरलेल्या दोन क्रोकेटांतला एक उचलला.

  सरांनी ताटली तिच्याकडे थोडी सरकवली.